पांखरांचा वांटा

परसांत दोन वाफे मेथी आणि एक ओळ वाटाणा लावून पाहण्याचा प्रसंग ज्यास आला आहे, त्याला नीतिशास्त्रांतील एक फार जुना प्रश्न ग्रंथ न उघडतांच भेटलेला असतो. सायंकाळीं बीं टाकावें, हलक्या हातानें माती लोटावी, झारीनें पाणी द्यावें, आणि सकाळीं उठून पाहावें तों वाफ्यावर पारव्यांची पंगत बसलेली असावी. मनुष्य अगदीं जवळ गेल्याखेरीज ते उठत नाहींत, आणि उठले तरी समोरच्या पन्हाळीवर बसून तो आंत जाण्याची वाट पाहतात. जें बीं यांतून वांचतें त्यास चार दिवसांनीं कोंवळीं दळें फुटतात, आणि तीं खुडावयास तेच पाहुणे पुन्हां हजर होतात. अशा वेळीं मनांत जें येतें तें भूतदयेवर ऐकलेल्या प्रवचनांशीं फारसें जुळणारें नसतें. हातांत खडा येतो. तो मारावा कीं नुसता उगारावा, नेम धरून मारावा कीं चुकवून मारावा, या क्षुल्लक दिसणाऱ्या निवडींत इतर प्राण्यांशीं आपलें नातें कोणत्या प्रकारचें आहे याचा निवाडा दडलेला आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून विषय भाजीपाल्याचा असला तरी त्यास या पृष्ठांत जागा मागण्यास आम्ही संकोच करीत नाहीं.

परसाचा मालक मेथी न उगवल्यास बाजारांतून जुडी विकत आणतो व विषय संपतो. ज्याचें पोटच शेतावर आहे त्याची गोष्ट निराळी. सोलापुराकडे किंवा मराठवाड्यांत रब्बी ज्वारीचीं कणसें चिकांत आलीं, म्हणजे दाण्यांत दूध भरूं लागलें, कीं चिमण्या, सुगरणी, पोपट आणि हिंवाळ्यापुरत्या आलेल्या भोरड्या यांचे थवे शिवारावर उतरतात. तेथून दाणा टणक होईपर्यंतचे दिवस राखणीचे. सूर्य उगवण्यापूर्वीं कोणीतरी माळ्यावर उभें असावें लागतें, कारण पांखरांची न्याहारी उजाडतांच सुरू होते. दुपारीं तीं झाडांवर विसावतात तेवढीच राखणदाराला उसंत. आणि उन्हें कलतांच दुसरी पाळी. डबा वाजवावा, आरोळी द्यावी, गोफण फिरवावी.

या गोफणीबद्दल येथेंच दोन शब्द सांगून ठेवणें जरूर आहे. तिचा गुंडा पांखराला क्वचितच लागतो, आणि तो लागावा अशी फेंकणाऱ्याचीही फारशी अपेक्षा नसते. खरें काम करतो तो दोरीचा फटकारा आणि कणसांवरून सणसणत गेलेल्या गुंड्याची भीति. राखणदाराच्या हातीं ती हांकण्याचें साधन होय, मारण्याचें नव्हे. आणि ज्यांनीं ती पिढ्यानुपिढ्या फिरविली त्यांना पांखरांवर प्रेम करण्याचा उपदेश कोणीं केला होता असें नाहीं. थवा हजारांचा असतां एक मारून काय होणार, एवढाच त्यांतला हिशेब. पण हिशेबानें कां होईना, हांकणें आणि मारणें यांमधील रेषा त्यांनीं बहुधा पाळली.

ही रेषा वाटते तितकी सरळ मात्र नाहीं. बुजगावणें ही निरुपद्रवाची परिसीमा: मडक्याचें डोकें, फाटका सदरा, आडवी काठी. परंतु तें निखालस असत्य आहे, आणि पांखरें हें असत्य थोड्याच दिवसांत ओळखतात. पुढें त्याच्याच खांद्यावर बसून तीं शिवार न्याहाळतात. चकाकणाऱ्या फिती, आरशाचे तुकडे, कार्बाइडचा बार काढणारी नळी, या सर्वांची हीच गत. जागा आणि वेळ बदलीत राहिलें तर त्यांची मात्रा कांहीं दिवस अधिक चालते इतकेंच. ज्या धाकामागें इजा नाहीं तो धाक टिकत नाहीं हें ध्यानांत आल्यावर कोणी मेलेला कावळा बांबूला उलटा टांगतो. याच्यापुढची पायरी विषाची. विष कालवलेला दाणा कोणीं टिपला हें दाण्याला कळत नाहीं. तो पारव्यासाठीं टाकला तरी मोर आणि तित्तिर यांच्या पोटांत जातो, आणि मेलेलें पांखरूं ओढून नेणाऱ्या कुत्र्याच्याही. तेथें रेषा नुसती ओलांडली जात नाहीं, पुसलीच जाते. त्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

जाळें हा या सर्वांत सभ्य उपाय समजला जातो, आणि नीट बसविलें तर तो तसा आहेही: बांबूच्या कमानींवर ताणलेलें, पानांना न टेकेल इतकें उंच, कडा मातींत दाबलेल्या. परंतु तेंच जाळें सैल टाकून मालक चार दिवस गांवाला गेला, तर त्यांत पाय गुंतलेली साळुंकी उन्हांत तडफडत राहते. गोफणवाल्यानें न केलेली हिंसा ही अशी सज्जनाच्या हातून घडते, आणि ती घडतांना तो तेथें नसतो हें विशेष. साधनाची परीक्षा त्याच्या सौम्य नांवावरून न करतां, तें लावल्यानंतर सकाळ-संध्याकाळ कोणी तें पाहावयास येतें कीं नाहीं यावरून करावी, असें आमचें मत आहे. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला तर पुष्कळदां जाळेंही लागत नाहीं. पारवा कोंबडीप्रमाणें पायानें माती उकरीत नाहीं. वर दिसेल तें टिपतो. बीं फोंकून उघडें ठेवण्याऐवजीं ओळींत, पुरेशा मातीखालीं टाकलें, आणि अंकुर वर येईपर्यंत वर भाताचा पेंढा किंवा ओलें गोणपाट पसरलें, कीं निम्मा तंटा आपोआप मिटतो.

परंतु निम्माच. उरलेल्या निम्म्यासाठीं सुशिक्षित वाचक एक युक्तिवाद पुढें करील, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाहीं. पांखरें आपलें नुकसान करतात तसें आपलें कामही करतात. सबब दाणे हें त्यांचें वेतन समजावें. या म्हणण्यास शास्त्राचा आधार चांगला भक्कम आहे. बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिसंस्थेंत मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनीं पक्ष्यांच्या जठरांतील अन्न तपासून हिंदुस्थानांतील पक्षी काय खातात यावर मोठा प्रबंध १९१२ सालीं प्रसिद्ध केला, आणि चोर म्हणून बदनाम असलेल्या कित्येक जातींच्या पोटांत किडींचा भरणा सांपडला. पांखराची निर्दोषता सिद्ध करण्यासाठीं त्यास आधीं मारून त्याचें पोट फाडावें लागलें, हा त्या शास्त्राचा दैवदुर्विलास बाजूस ठेवूं.

हा हिशेब न पाहतां केलेल्या कृत्याचें सर्वांत मोठें उदाहरण चीनचें. १९५८ सालीं तेथील सरकारनें चार उपद्रवी जीवांविरुद्ध मोहीम पुकारली. उंदीर, माशी आणि डांस यांच्या पंक्तीस चिमणी बसविली, कारण ती धान्य खाते. लोकांनीं थाळ्या, डबे, ढोल बडवून चिमण्यांना कोठें म्हणून बसूं दिलें नाहीं. त्या उडून उडून थकून खालीं पडत. झेंग झुओशिन या पक्षिशास्त्रज्ञानें चिमण्यांचीं पोटें तपासून दाखविलें कीं विणीच्या दिवसांत ही चिमणी पुष्कळ कीड खाते व पिलांना भरविते. १९६० सालीं चिमणीचें नांव यादींतून निघालें आणि त्या जागीं ढेकूण आला. तोंपर्यंत किडींनीं पिकांवर राज्य मिळविलेलें होतें. १९५९ ते १९६१ या वर्षांतील तेथील भीषण दुष्काळाचीं मुख्य कारणें राज्यकारभारांतच शोधावीं लागतात. तथापि चिमण्यांचा संहार त्याला हातभार लावून गेला यांत शंका नाहीं.

यादींत घालणें आणि यादींतून काढणें हा खेळ आपल्याकडेही झालेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यास एक परिशिष्ट असें होतें कीं ज्यांत कावळा, उंदीर, वटवाघूळ असे जीव 'उपद्रवी' म्हणून नमूद होते. २०२२ च्या दुरुस्तीनें तें परिशिष्टच गेलें. कावळ्याच्या स्वभावांत या पन्नास वर्षांत कांहीं पालट झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आणि आमच्या ज्वारीचा काळ ठरलेली भोरडी? ती उन्हाळ्यांत मध्य आशियांत जाऊन अंडीं घालते तेव्हां टोळांचा फन्ना उडविते. चीनच्याच शिंजियांग प्रांतांत तिनें यावें म्हणून माणसें तिच्यासाठीं घरटीं बांधून ठेवतात. एकच पांखरूं एका देशीं पाहुणा आणि दुसऱ्या देशीं दरोडेखोर. इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपला शेतकरी ज्वारींत बुजगावणें उभें करतो आणि शेजारच्याच हरभऱ्यांत पांखरांनीं बसावें म्हणून काठ्या रोवतो. त्यांना पक्षिथांबे म्हणतात. त्यांवर बसून कोतवाल आणि साळुंकी घाटेअळी टिपतात.

परंतु हा वेतनाचा युक्तिवाद पारव्यापाशीं येऊन अडतो, आणि त्यासाठींच आम्हीं आरंभीं पारवा घेतला. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिलांना अळ्या भरविते. पारव्याला त्याची गरज नाहीं. त्याच्या गळ्यांतील अन्नपिशवींत दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो. नर आणि मादी दोघेंही तो पिलांना भरवितात, आणि तो तयार होण्यास त्यांस दाणे पुरतात. म्हणजे कीड खाऊन पिकाचें ऋण फेडण्याचा प्रसंग त्याच्यावर जवळजवळ येतच नाहीं. मूळचा हा कडेकपारींत, जुन्या विहिरींत राहणारा पक्षी. आपण कड्यांसारख्या उंच इमारती बांधल्या आणि त्याला वर्षभर विणीची सोय करून दिली. उपयुक्ततेच्या न्यायालयांत चिमणी सुटेल, साळुंकी सुटेल, कोतवालाला तर बक्षीस मिळेल. पारव्याच्या बाजूनें साक्ष द्यावयास कोणी उभा राहणार नाहीं. त्याच्या विष्ठेचें उत्तम खत होतें हें खरें, पण तें तो वाफ्यांत टाकीत नाहीं, खिडकींत टाकतो. तेव्हां ज्याचा आपणांस कांहींएक उपयोग नाहीं अशा जीवाचा आपल्यावर कांहीं हक्क आहे कीं नाहीं, हा प्रश्न पारव्यानें उघडा करून ठेवला आहे.

आमचें उत्तर असें कीं हक्क आहे, पण तो दाण्यावरचा नव्हे. त्यास भूक, भय आणि वेदना आहेत. त्यास कारणावांचून वेदना देण्याचा अधिकार कोणाला नाहीं, मग त्याचा उपयोग असो वा नसो. हांकलून दिल्यानें हा हक्क भंगत नाहीं, कारण त्यास पंख आहेत आणि दुसरें रान आहे. दाणा मात्र ज्यानें पेरला त्यानें दिला तरच त्याचा.

या शेवटच्या अटीवर कित्येक वाचक अडखळतील, कारण ज्या कथा ऐकत आपण वाढलों त्यांत दान मागून-पुसून होत नाहीं. महीपतीनें लिहिलेल्या तुकोबांच्या चरित्रांत अशी कथा आहे कीं एका शेतकऱ्यानें त्यांस धान्याच्या बोलीवर शेत राखावयास बसविलें. थवे आले, आणि सर्वांभूतीं ईश्वर पाहणाऱ्या तुकोबांनीं त्यांना उडविलें नाहीं. शेतकरी परतला, शेताची अवस्था पाहून त्यानें पंचांपुढें दाद मागितली. पुढें मळणी झाली तेव्हां धान्य अपेक्षेहून कितीतरी अधिक भरलें. ही कथा ऐकतांना श्रोत्यांचे डोळे भरून येतात, आणि यावेतच. तथापि त्या शेतकऱ्याकडे कोणी पाहत नाहीं. त्याचें शेत होतें, त्याची बोली होती, आणि चमत्कार होईपर्यंत त्याचें गाऱ्हाणें अगदीं रास्त होतें. कथाकारासही तें रास्त वाटलें असावें, एरवीं त्यानें नुकसानभरपाईची एवढी चोख व्यवस्था केली नसती. आमच्या शिवारांत मळणीच्या वेळीं धान्य आपोआप वाढत नाहीं.

याच्या शेजारीं शिबीची कथा ठेवून पाहावी. ससाण्याच्या भयानें कबुतर राजाच्या मांडीवर आलें. ससाण्यानें जें म्हटलें त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों: हें माझें अन्न आहे, तूं एकाला वांचवून मला आणि माझ्या बायकापोरांना मारीत आहेस, एका धर्माला बाध आणणारा धर्म हा धर्म नव्हे. हें म्हणणें शब्दशः शेतकऱ्याचें आहे. राजानें त्यास उपदेश केला नाहीं, निर्दय म्हटलें नाहीं, दुसऱ्या कोणाच्या घरून मांस मागविलें नाहीं. त्यानें आपली मांडी कापली, आणि तेंही पुरेना तेव्हां स्वतः तराजूंत बसला. दोन्ही कथांत दया तीच. फरक इतकाच कीं एकींत किंमत देणारा दयाळूच आहे, आणि दुसरींत ती भरून काढण्यास देवाला यावें लागलें.

मुंबईच्या कबुतरखान्यांवरून जो वाद माजला त्याचा विचारही आम्ही याच दृष्टीनें करतों. २०२५ च्या जुलैंत राज्य सरकारनें ते बंद करण्यास महापालिकेला सांगितलें, प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, आणि ऑगस्टांत दादरच्या कबुतरखान्यावर घातलेल्या ताडपत्रीवरून भर रस्त्यांत तंटा झाला. जे तेथें रोज मूठभर दाणे टाकीत आले त्यांच्या भावनेची थट्टा करणें आम्हांस आवडत नाहीं. त्यांतील पुष्कळांनीं तें स्वतःच्या मिळकतींतून केलें. पण दाण्याची किंमत आणि दयेची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दाण्याचे पैसे देणारा देतो. त्या दाण्यावर वाढलेल्या थव्याच्या विष्ठेची धूळ ज्याच्या फुप्फुसांत जाऊन श्वासाचा विकार जडतो तो शेजारी, आणि ज्याच्या गच्चीवरील चार कुंड्यांत टोमॅटोचें रोप तग धरीत नाहीं ती गृहिणी, यांना कोणीं विचारलेलें नसतें. आपल्याकडील जुन्या घरांत जेवण्यापूर्वीं काकबली ठेवीत. तो आपल्या घरच्या शिजलेल्या अन्नांतून, आपल्याच अंगणांत आणि हातभर पानावर असे. त्यांतलें प्रमाण आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

पांखरांचा वांटा कोठें आहे याविषयीं जुन्यांनीं आणखी एक खूण करून ठेवली आहे. कापणीनंतर शेतांत पडून राहिलेले दाणे व कणसें वेंचून उपजीविका करणें यास शिलोंछ म्हणत, आणि मनुस्मृतींत त्या वृत्तीला 'ऋत' असें थोर नांव आहे. अशा वृत्तीनें राहणाऱ्या ब्राह्मणाला महाभारतांत कापोती, म्हणजे कबुतराप्रमाणें जगणारा, असें म्हटलें आहे. मनुष्याच्या श्रेष्ठ उपजीविकेला पारव्याचें नांव देणाऱ्यांनीं पारव्याला तुच्छ लेखलें नव्हतें हें उघड आहे. परंतु तो वेंचतो तो दाणा कापणीनंतरचा. पेरलेला दाणा, चिकांतला दाणा आणि खळें उचलल्यावर मातींत राहिलेला दाणा हे तिन्ही एकाच जातीचे असले तरी नीतीच्या दृष्टीनें एक नव्हेत. तिसऱ्यावरून गोफण फिरविणाऱ्याला आम्ही कद्रू म्हणूं, पहिल्या दोहोंवरून फिरविणाऱ्याला नाहीं.

आतां ज्या गोष्टीनें आम्हांस हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतों. ज्वारीचा पेरा गेल्या कित्येक वर्षांत पुष्कळ घटला. पैसा देणाऱ्या दुसऱ्या पिकांनीं तिची जागा घेतली. सर्व शिवार ज्वारीचें होतें तेव्हां थवा सर्वांत वांटला जाई, आणि एकेकाच्या वांट्याला सोसण्याजोगी तूट येई. आतां एखादाच ज्वारी पेरतो, आणि आसपासचीं सारीं पांखरें त्याच्या एकट्याच्या कणसांवर उतरतात. तोही मग पुढील सालीं ज्वारी सोडतो. शहरांतील आपण भाकरी महाग झाली म्हणून कुरकुरतों आणि चिमण्या कमी झाल्या म्हणून हळहळतों. या दोन तक्रारी एकाच शेतांत एकमेकींस भेटतात हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. शास्त्रज्ञांनीं ज्वारीच्या अशाही जाती पाहिल्या कीं ज्यांचा दाणा तुरट असल्यामुळें पांखरें त्यास टाळतात. पण ज्या तुरटपणामुळें पांखरूं दाणा टाकतें त्याच तुरटपणामुळें तो माणसालाही कमी पचतो. केसाळ कणसाची बाजरी त्या मानानें बरी. केंस टोंचतात म्हणून पांखरें बिचकतात, दाण्याची गोडी जात नाहीं.

आणि माळ्यावर उभें कोण असतें? मजुरी परवडत नाहीं तेथें घरचेंच माणूस, आणि घरच्या माणसांत ज्याचा वेळ सर्वांत स्वस्त तें: म्हातारा आजा, किंवा शाळेंत जाणारी मुलगी. ज्वारी चिकांत येते ते दिवस शाळेचे असतात. पांखराला मारूं नये हें आम्हीं वर लिहिलें, आणि त्यांतील अक्षरही मागें घेत नाहीं. पण न मारण्याची किंमत पहांटेपासून डबा वाजवीत त्या मुलीनें भरली, हें लिहिल्यावांचून तें वाक्य पुरें होत नाहीं. यावर आमच्यापाशीं रामबाण नाहीं. जाणते शेतकरी व कृषिशास्त्रज्ञ एक साधी गोष्ट सांगतात कीं एका शिवारांतल्या सर्वांनीं ज्वारी एकाच आठवड्यांत पेरावी. मग कणसें एकाच वेळीं चिकांत येतात, थवा पुन्हां वांटला जातो, आणि राखणीचे दिवस कमी होतात. त्यासाठीं मात्र पारावर बसून पेरणीचा दिवस ठरवावा लागतो, आणि तो ठरवितांना ज्याच्या रानांत वाफसा उशिरां येतो त्याचेंही म्हणणें ऐकून घ्यावें लागतें.